काळ्या दगडावरचा गिलावा आणि एनएमआर-माऊस: मोजमाप फसू नये म्हणून

चित्राला किंवा गिलाव्याला न खरवडता आतली ओल, जुने रोगण, चिकटद्रव्य किती खोलवर गेले आहे हे सांगणारा एक हातात मावणारा चुंबकीय सेन्सर आहे. प्रयोगशाळांमध्ये त्याला एनएमआर-माऊस म्हणतात (एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुनाद). हे उपकरण उत्तम आहे, पण आपल्याकडे त्याच्या आकड्यांचा अर्थ सारखा चुकतो. सेन्सर भिंतीसमोर धरला, सिग्नल कमी आला, लगेच ‘भिंत कोरडी’ अशी नोंद होते. मराठवाड्यातल्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, सिग्नल कमी येण्याची निदान चार कारणे असतात: भिंत खरेच कोरडी आहे, गिलाव्यात लोहकण आहेत, सेन्सर तिरका बसला आहे, किंवा चुंबक तापल्यामुळे मोजण्याचा थर सरकला आहे. ही चार वेगळी करता आली नाहीत, तर त्या आकड्यावर संवर्धनाचा निर्णय घेऊ नका.

खाली कामाचा क्रम दिला आहे. तो बदलू नका. एका टप्प्यात राहिलेली उणीव पुढच्या टप्प्यात भरून निघत नाही.

आधी एवढे समजून घ्या

सेन्सरमध्ये कायमचुंबक आणि त्यावर तांब्याची छोटी कॉइल असते. चुंबकापासून ठराविक अंतरावर, त्याच्या पृष्ठभागाला समांतर, एक पातळ सपाट थर तयार होतो. कॉइल रेडिओलहरींचे छोटे झोत, म्हणजे पल्स, सोडते आणि त्या थरात जे हायड्रोजनचे अणुकेंद्र असेल तेवढेच ‘ऐकू’ येते. ५ मिलिमीटर खोलीच्या प्रकारात वारंवारता साधारण १८ मेगाहर्ट्झ असते आणि चुंबकक्षेत्राचा उतार दर मीटरला सुमारे २० टेस्ला. म्हणजे १ मिलिमीटर पुढेमागे सरकले की वारंवारता सुमारे ८५० किलोहर्ट्झने बदलते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो वारंवार लागेल.

ओल, लाख, डिंक, सरस, राळ, लाकूड, कागद यांतला हायड्रोजन दिसतो. दगड, काजळी, कोरडा चुना जवळपास दिसत नाहीत. रंगद्रव्य कोणते, हे हा सेन्सर सांगत नाही. त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती किंवा रामन ही वेगळी साधने आहेत.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘भिंतीचा अभ्यास करायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘पावसाळ्यानंतर या कोपऱ्यातली ओल गिलाव्याच्या वरच्या ३ मिलिमीटरमध्ये आहे की दगडालगत?’ हा प्रश्न झाला. ‘पृष्ठभागावर रोगणाचा थर अजून आहे का, आणि किती जाड?’ हाही.

दुसरा प्रश्न अजिंठ्यासाठी अगदी खरा आहे. १९२० ते १९२२ मध्ये इटालियन संवर्धकांनी तिथल्या चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडला. नंतरच्या काळात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट ही कृत्रिम राळही वापरली गेली. एकाच भिंतीवर दोन-तीन पिढ्यांची द्रव्ये एकावर एक असू शकतात. प्रश्नावरूनच सेन्सर ठरतो: वरच्या थरांसाठी ५ मिलिमीटरचा, गिलावा आणि दगड यांच्या सांध्यासाठी २५ मिलिमीटरचा. दुसऱ्या प्रकारात उतार कमी आणि बारकावाही कमी, हे मान्य करूनच तो निवडा.

२. परवानगी आणि दिवस

अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा ही केंद्र-संरक्षित स्मारके आहेत. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीशिवाय स्टँडसुद्धा उभा करू नये. राज्य-संरक्षित ठिकाणी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जावे लागते. अर्जात ‘अविनाशी तपासणी’ एवढेच लिहून थांबू नका. सेन्सरचे वजन, भिंतीपासूनचे किमान अंतर, स्टँड कशावर टेकणार, वीज कुठून घेणार आणि उपकरण भिंतीकडे कलंडले तर त्याला काय अडवणार, हे सगळे लिहा. परवानगी देणारा अधिकारी नेमके हेच विचारतो, आणि त्याने ते विचारायलाच हवे.

अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. शक्यतो त्या दिवशीच काम मागा. गर्दीच्या श्वासाने लेण्यातली हवा दमट होते आणि तुम्ही भिंतीऐवजी पर्यटकांची ओल मोजता. शिवाय मोबाईल, चार्जर, विजेऱ्या यांचा रेडिओ-गोंगाटही त्या दिवशी कमी असतो.

३. नमुना-फळ्या: हा टप्पा टाळाल तर बाकी सगळे व्यर्थ

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मूळ भिंतीजवळ जाण्याआधी तशाच द्रव्यांच्या फळ्या तयार हव्यात, कारण सिग्नलचा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. अमुक सिग्नल म्हणजे वजनाने अमुक टक्के पाणी, हे फळ्यांवरूनच कळते.

- स्मारकाच्या बाहेरून, खाणीतून घेतलेल्या काळ्या दगडाच्या लाद्या कापून घ्या. फरशी किंवा काँक्रीट चालणार नाही.
- गिलाव्यासाठी माती, बारीक वाळू, भाताचे तूस, चिरलेले वनस्पतितंतू. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तंतू कोणते आणि किती, हे महत्त्वाचे आहे, कारण तंतू स्वतः ओल धरतात आणि सिग्नल देतात.
- वर चुन्याचा किंवा केओलिनचा (पांढऱ्या चिकणमातीचा) पातळ पांढरा हात, त्यावर चौकोन पाडून काव, पिवडी, हिरवी माती, काजळी. एक चौकोन रंगाशिवाय कोराच ठेवा.
- काही चौकोनांवर लाख, काहींवर पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. थराची जाडी सूक्ष्ममापीने मोजून लिहा.

फळ्या सावलीत सावकाश वाळू द्या. मग बंद डब्यात संपृक्त मिठाच्या द्रावणावर ठेवा. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रता राखते, साधे मीठ ७५, पोटॅशियम सल्फेट ९७. वजन स्थिर होईपर्यंत रोज तोला. स्थिर झाल्यावर मोजा, पुन्हा तोला.

सावधान: ९७ टक्क्यांच्या डब्यात तूस असलेल्या गिलाव्यावर बुरशी धरते. रोज पाहा. बुरशी आलेली फळी मोजमापातून काढून टाका, पुसून वापरू नका.

कोरडे वजन काढताना जिप्सम असलेल्या फळ्या १०५ अंशांच्या भट्टीत टाकू नका. जिप्समचे स्फटिकजल उडते आणि कोरडे वजन चुकते. ४०-४५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा.

तपासा: वजनावरून निघालेले पाणी आणि सिग्नलची उंची यांचा आलेख प्रत्येक रंगासाठी वेगळा काढला आहे का? सगळ्यांसाठी एकच रेघ ओढली असेल, तर सातवा टप्पा वाचा आणि परत इथे या.

४. निघण्याआधी सेन्सरची तपासणी

कॉइलचे ट्यूनिंग, म्हणजे ती ठरलेल्या वारंवारतेला जुळवणे, भिंतीनुसार बदलते. ओली किंवा लोणा लागलेली भिंत वीज वाहते, त्यामुळे कॉइलवर भार येतो आणि पल्स कमजोर पडतो. म्हणून ट्यूनिंग घरी एकदा करून भागत नाही, प्रत्येक जागेवर करावे लागते. घरी फक्त सवय करून घ्या.

पल्सची पातळी ठरवण्यासाठी तांब्याच्या क्षाराचे सौम्य द्रावण किंवा रबराचा सपाट तुकडा घ्या. पल्सची लांबी तीच ठेवून, अणुकेंद्रांचे चुंबकत्व १८० अंशांनी वळवणाऱ्या पल्सला ९० अंशांच्या दुप्पट विद्युतदाब लागतो, म्हणजे ६ डेसिबेलचा फरक. सिग्नल कमाल येईपर्यंत दोन्ही एकत्र सरकवा.

मग समोर काहीही नसताना मोजा. कॉइल ज्या राळेत बसवलेली असते त्या राळेतही हायड्रोजन असतो. तिचा सिग्नल येत असेल तर तो नोंदवून पुढे वजा करायचा. रिकाम्या मोजमापाची फाईल नसलेला संच मी तरी विश्वासाने वाचणार नाही.

तोच रबरी तुकडा सोबत न्या. रोज सकाळ-संध्याकाळ तो मोजला की उपकरण त्या दिवशी ठिकाणावर होते की नाही ते कळते.

५. जागेवर मांडणी

*तापमान.* निओडिमियम चुंबकाचे क्षेत्र दर अंशाला साधारण ०.११ टक्क्याने घटते. १८ मेगाहर्ट्झवर हा फरक सुमारे २० किलोहर्ट्झ होतो. वर दिलेल्या उताराने भागा: दर अंशामागे मोजण्याचा थर २० ते २५ मायक्रोमीटर सेन्सरकडे सरकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतून काढलेला सेन्सर लेण्यात १० अंश थंड झाला, तर मोजता मोजता पाव मिलिमीटरची खोली बदलली. रंगाचा थर त्याहून पातळ असतो. म्हणून सेन्सर निदान दोन तास लेण्यात आधी ठेवा, आणि चुंबकाला चिकटवलेल्या तापमापीचा आकडा प्रत्येक मोजमापासोबत लिहा.

*परांची.* लोखंडी पाईपची परांची सेन्सरचे क्षेत्र बिघडवते आणि चुंबक तिच्याकडे ओढला जातो. बांबू, लाकूड किंवा ॲल्युमिनियम वापरा. खिळे, सी-क्लॅम्प, पाने, स्टूलचे लोखंडी पाय हातभर अंतरापलीकडे ठेवा.

सावधान: पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या कामात थांबू नये. घड्याळ, बँकेची कार्डे, किल्ल्यांचे जुडगे खाली काढून ठेवा. चुंबक आणि लोखंड यांत बोट सापडले तर गंभीर इजा होते. आणि लोखंडी अवजार उडून चित्रावर आदळले, तर ते नुकसान भरून येणारे नाही.

*समांतरता.* थर साधारण १ सेंटिमीटर रुंद असतो. सेन्सर १ अंशाने तिरका असेल, तर थराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.१७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे रंग, पांढरा हात आणि गिलावा तिन्ही एकाच आकड्यात मिसळले. पाणसळ इथे उपयोगी नाही, कारण लेण्याची भिंत ओळंब्यात नसते. तीन कोपऱ्यांवरचे अंतर सारखे करावे लागते. बांधकामावरचा लेझर टेप मिलिमीटरच्या खाली जात नाही, तेव्हा मायक्रोमीटरमध्ये वाचणारा लेझर विस्थापनमापक हवा. जाडी माहीत असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फक्त कोऱ्या, चित्र नसलेल्या दगडावर सरावासाठी वापरा. चित्रासमोर काहीही सरकवू नका.

भिंत फुगलेली, पोकळ वाजणारी किंवा पापुद्रे सुटलेली असेल, तर ती जागा सोडा. सपाट थराचा सेन्सर उंचसखल पृष्ठभागाचे खरे चित्र देत नाही, आणि धोका तर आहेच.

*गोंगाट.* जनरेटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर हे नेहमीचे अपराधी. बॅटरीवर चालवा. तांब्याच्या जाळीचे कापड सेन्सरभोवती गुंडाळून उपकरणाच्या अर्थिंगला जोडा. पल्स न देता नुसते ऐका: गोंगाट घरच्यापेक्षा फार जास्त असेल, तर एकेक दिवा बंद करत कारण शोधा.

६. मोजण्याचा क्रम

१. सेन्सर दूर ठेवून ट्यूनिंग पाहा. मग स्टँडच्या स्क्रूने सरकणाऱ्या सरकपट्टीवरून ठरवलेल्या किमान अंतरापर्यंत हळू पुढे न्या. थांबा लावा. त्याच्या पुढे सरकपट्टी जाताच कामा नये.

२. इथे पुन्हा ट्यूनिंग करा.

३. सर्वांत खोल बिंदूपासून सुरुवात करून मागे येत मोजा. स्क्रूला थोडी ढिलाई असते, म्हणून प्रत्येक पाऊल एकाच दिशेने टाका. मध्येच पुढे गेलात तर खोलीचा हिशेब तुटला.

४. शेवटचे तीन-चार बिंदू भिंतीबाहेर, हवेत पडले पाहिजेत. तिथे सिग्नल शून्यावर आला नाही, तर गोंगाट किंवा राळेचा सिग्नल अजून शिल्लक आहे.

५. शेवटी पुन्हा पहिल्या खोलीवर जाऊन तो बिंदू परत मोजा. दोन आकड्यांतला फरक गोंगाटापेक्षा मोठा असेल, तर मधली सगळी रांग संशयास्पद समजा.

पल्सची मांडणी सीपीएमजीची: एकामागोमाग पल्स देऊन प्रत्येकानंतर अणुकेंद्रांकडून परत येणारा सिग्नल, म्हणजे प्रतिध्वनी, ऐकायचा. प्रतिध्वनींमधला वेळ जमेल तितका कमी ठेवा, ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास. ऐकण्याची खिडकी, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी ऐकण्याचा वेळ, १० मायक्रोसेकंदांची असेल तर थराची जाडी साधारण ०.१२ मिलिमीटर, २० केली तर ०.०६. बारकावा वाढतो, सिग्नल घटतो. गोंगाट निम्मा करायला चौपट वेळ लागतो, हे आधीच हिशेबात घ्या. दर २०० मिलिसेकंदांनी पुनरावृत्ती, १०२४ वेळांची बेरीज, म्हणजे एका बिंदूला जवळजवळ साडेतीन मिनिटे. पन्नास बिंदूंना पावणेतीन तासांहून जास्त. एका दिवसात दोनच रांगा नीट होतात. सहा रांगांचा आराखडा घेऊन येऊ नका.

तपासा: पुनरावृत्तीचा वेळ दुप्पट करून एक बिंदू मोजा. सिग्नल वाढला तर आधीचा वेळ अपुरा होता.

७. लोखंड: इथे सगळ्यात जास्त चुकते

युरोपातल्या चुन्याच्या भिंतींसाठी लिहिलेल्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण असतात. तोच दगड झिजून झालेली वाळू आणि माती गिलाव्यात असते. काव, पिवडी आणि हिरवी माती या रंगांतही लोह आहे. परिणाम तीन. दगडाजवळ चुंबकक्षेत्र वेडेवाकडे होते आणि सपाट थर सपाट राहत नाही. गिलाव्याच्या छिद्रांत क्षेत्राचे छोटे छोटे उतार तयार होतात. आणि लोहाच्या आयनांना टेकलेले पाणी आपला सिग्नल फार लवकर गमावते. पाणी असते, पण पहिला प्रतिध्वनी ऐकू येण्याआधीच त्याचा काही भाग विरलेला असतो.

फळ्यांसाठी आणलेल्या मातीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवून पाहा. काळे कण चिकटले तर काय समोर आहे ते कळेल. हा प्रयोग फक्त आणलेल्या मातीवर, मूळ भिंतीजवळ कधीही नाही.

आता दोन फळ्या करा: एक त्याच मातीची, दुसरी चुंबकाने कण काढलेल्या मातीची. दोन्हींत वजनाने सारखे पाणी असताना मोजा. पहिल्या काही प्रतिध्वनींवरून सिग्नल शून्य वेळेपर्यंत मागे ओढा आणि दोन्ही उंचींची तुलना करा. जो फरक राहील, तो लोहामुळे हरवलेला हिस्सा. कावेच्या, पिवडीच्या आणि हिरव्या मातीच्या चौकोनांसाठी हाच हिशेब वेगवेगळा करा. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक रंगाचा आलेख वेगळा मागितला होता.

भिंतीवर तुलना करायची ती सारख्या रंगाच्या दोन जागांची. लाल वस्त्राची आणि शेजारच्या पांढऱ्या पार्श्वभूमीची तुलना करून ‘लाल भाग कोरडा’ म्हणणे चूक आहे.

बीबी का मकबऱ्यात चित्र वेगळे आहे. तिथला चुन्याचा गिलावा आणि संगमरवर यांत लोह कमी, त्यामुळे खालून चढणारी ओल तुलनेने सरळ मोजता येते. नवशिक्यांनी तशा भिंतीवर हात बसवावा आणि मग बेसाल्टकडे यावे.

८. आकडे वाचताना

सिग्नल विरण्याचा वेळ, टी-टू, हा या सेन्सरवर पदार्थाचा शुद्ध गुण नसतो. उतार इतका तीव्र असतो की पाण्याचे रेणू नुसते इकडेतिकडे फिरले तरी सिग्नल विरतो. मोकळ्या पाण्याचा खरा टी-टू दोन सेकंदांहून जास्त. पण २० टेस्ला प्रतिमीटर उतारात, ५० मायक्रोसेकंदांच्या प्रतिध्वनी-वेळेला तो हिशेबाने सुमारे ७० मिलिसेकंद दिसतो आणि १०० मायक्रोसेकंदांना १८. म्हणून वेगळ्या प्रतिध्वनी-वेळेने घेतलेले दोन टी-टू शेजारी ठेवू नका.

याच गोष्टीचा उपयोगही होतो. एकच बिंदू ५० आणि १०० मायक्रोसेकंदांनी मोजा. टी-टू खूप घसरला तर पाणी मोकळे फिरते आहे, मोठ्या छिद्रांत आहे. फारसा बदलला नाही तर ते छिद्रांच्या भिंतींना किंवा लोहाला बांधलेले आहे.

पृष्ठभागावरच्या रोगणासाठी: जुनी, कडक झालेली लाख लवकर विरते, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट दमट हवेत मऊ होते आणि त्याचा टी-टू लांबतो. तेव्हा जूनमधले आणि ऑगस्टमधले मोजमाप जोडून ‘रोगण बदलले’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्या दोन दिवसांची आर्द्रता पाहा.

ओलीच्या नकाशाची अवरक्त छायाचित्राशी जुळवणी करा. दोन्ही पटत नसतील तर आधी सेन्सरची मांडणी तपासा, निष्कर्ष नंतर.

९. कागद, लाकूड, भाजलेली माती

कागदीपुऱ्यासारख्या हातकागदाच्या पोथ्या मोजताना पान काचेवर ठेवा. लाकडी फळीवर ठेवलेत तर फळीचाच सिग्नल येतो. पान आधी निदान दिवसभर ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवा, नाहीतर कागदाच्या जीर्णतेऐवजी त्या दिवसाची हवा मोजली जाईल. शाईत लोह असेल तर अक्षरे टाळून कोऱ्या समासात मोजा.

वाड्यांच्या सागवानी खांबांत तंतूंच्या दिशेने ओल बदलते, म्हणून सेन्सर कोणत्या दिशेने लावला ते लिहा. लाकडातले खिळे आधी शोधा. तेरसारख्या ठिकाणच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती कोरड्या असतात आणि त्यांतही लोह असते. तिथे सेन्सरचा उपयोग एवढाच की आधी भरलेले चिकटद्रव्य किती आत गेले ते पाहावे.

१०. नोंदवही

प्रत्येक रांगेसोबत हे लिहिलेच पाहिजे: लेण्याचा क्रमांक आणि भिंत, जागेचे मोजपट्टीसह छायाचित्र, भिंतीपासूनचे अंतर, चुंबकाचे आणि भिंतीचे तापमान, हवेची आर्द्रता, प्रतिध्वनी-वेळ, खिडकी, पुनरावृत्ती, बेरजेची संख्या, रबराचा सकाळ-संध्याकाळचा आकडा, रिकाम्या मोजमापाच्या फाईलचे नाव. भिंतीवर खूण करायची नसते, त्यामुळे जागा पुन्हा सापडण्यासाठी चित्रातल्याच दोन ठळक बिंदूंपासूनची अंतरे द्या.

मूळ, न सुधारलेल्या फाइल्स स्मारकाच्या कार्यालयात एक प्रत म्हणून द्या, नमुना-फळ्यांच्या आलेखांसह. फळ्याही टाकू नका. पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरा कोणी दुसरा सेन्सर घेऊन आला, तर त्याने आधी याच फळ्या मोजायच्या आणि मग भिंतीकडे वळायचे.